बोल्ट-ऑन, सेट नेक की नेक-थ्रू? पहिली इलेक्ट्रिक गिटार घेताना नेकच्या जोडाचा विचार कसा करावा

रत्नागिरीहून एकांनी विचारलं आहे. बरीच वर्षं अकूस्टिक वाजवतात. आता गणपतीतल्या कार्यक्रमांत आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला पहिली इलेक्ट्रिक घ्यायची आहे, बजेट पन्नास हजारांच्या आत. समोर तीन गिटारी आहेत. एक नवी, स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) धाटणीची, बोल्ट-ऑन नेकची, म्हणजे गिटारीची मान बॉडीला स्क्रूने जोडलेली. दुसरी नवी, लेस पॉल (गिब्सनच्या मॉडेलच्या) धाटणीची, सेट नेकची, म्हणजे मान चिकटवलेली. तिसरी मुंबईत कोणीतरी विकतोय ती जुनी नेक-थ्रू, म्हणजे मान बॉडीतून आरपार गेलेली. दुकानदार म्हणतो, सेट नेकला सस्टेन, म्हणजे सूर टिकण्याचा वेळ, जास्त. ओळखीचा एक गिटारिस्ट म्हणतो, बोल्ट-ऑन म्हणजे स्वस्तातलं काम, घ्यायची तर नेक-थ्रूच घे. ऐकायचं कोणाचं?

माझं काम गिटार दुरुस्तीचं आणि सेटअपचं. तिन्ही प्रकारच्या गिटारी माझ्या टेबलावर येतात, आणि बहुतेक वेळा त्या घेऊन काही वर्षं झालेली असतात. त्यामुळे दुकानात जे दिसतं त्यापेक्षा थोडं पुढचं मला दिसतं. त्याच भरवशावर सांगतो. उत्तर लांबेल, पण या एका विषयावर लोक इतके पैसे चुकीच्या जागी घालतात की थोडक्यात सांगून भागणार नाही.

तुम्ही विचारलंय सस्टेनबद्दल. तुमच्या जागी मी असतो तर तीन गोष्टी तपासल्या असत्या: वाजवताना डावा हात वरच्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी बॉडीजवळच्या) किती मोकळा जातो, काही वर्षांनी नेकचा कोन बिघडला तर तो दुरुस्त होईल का आणि कितीला, आणि समुद्रकाठच्या हवेत ती गिटार कशी राहील. या तिन्ही बाबतींत जोडाचा प्रकार खरोखर फरक पाडतो. सस्टेनचा नंबर त्यानंतर, बराच खाली.

आधी तिन्ही प्रकार. बोल्ट-ऑनमध्ये बॉडीत एक खाच असते, तिला पॉकेट म्हणतात. नेकचं टोक त्यात बसवून मागच्या धातूच्या पट्टीतून स्क्रू पिळलेले असतात, बहुधा चार. लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमधून 1950 साली त्याने जी सॉलिड बॉडी गिटार बाजारात आणली, ती याच पद्धतीची. नेक वेगळा बनवायचा, बॉडी वेगळी बनवायची, शेवटी जोडायची. नेक खराब झाला की काढून दुसरा लावायचा. दुरुस्ती करणाऱ्याच्या डोक्यातून निघालेली ही रचना आहे, आणि माझ्यासारख्याला ती रोज जाणवते. सेट नेकमध्ये नेकच्या टोकाला लाकडाची जीभ काढून ती बॉडीतल्या खाचेत सरसाने कायमची चिकटवतात. गिब्सन या अमेरिकन कंपनीकडे कोरीव पाठीपोटाच्या गिटारी आणि मँडोलिन बनवण्याची परंपरा होती, तिथले कारागीर असाच जोड करत आले होते. म्हणून 1952 ची लेस पॉलही तशीच झाली. नेक-थ्रूमध्ये जोडच नसतो. हेडस्टॉकपासून, म्हणजे खुंट्यांच्या टोकापासून, बॉडीच्या शेवटापर्यंत एकच लांब पट्टा जातो, पिकअप (तारांची कंपनं पकडणारी चुंबकं) आणि ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) त्याच्यावरच बसतात, आणि बॉडीचे दोन पंख दोन्ही बाजूंनी चिकटवलेले असतात. पॉल बिग्सबी या कारागिराने मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकासाठी 1948 मध्ये बनवलेली गिटार अशी होती. पुढे रिकनबॅकरचा 1957 चा 4000 बेस, गिब्सनची 1963 ची फायरबर्ड, यामाहाची 1976 ची एसजी 2000 आणि ऐंशीच्या दशकातली जॅक्सन सोलोइस्ट याच वाटेने गेल्या.

आता आवाज. दुकानात तुम्ही स्ट्रॅट आणि लेस पॉल एकापाठोपाठ वाजवल्या, तर फरक नक्की ऐकू येणार, आणि दुकानदार म्हणणार, बघा, सेट नेक. पण त्या दोन गिटारींत जोडाखेरीज काय काय बदललंय ते मोजा. स्ट्रॅटची स्केल लांबी (वाजणाऱ्या तारेची लांबी) साडेपंचवीस इंच, लेस पॉलची पावणेपंचवीसच्या आसपास. एकीत एका गुंडाळीचा सिंगल कॉइल पिकअप, दुसरीत दोन गुंडाळ्यांचा हंबकर. एकीचा ब्रिज बॉडीला स्क्रूने बसवलेला किंवा स्प्रिंगवर तोललेला, दुसरीचा दोन खांबांवर उभा. लाकूड वेगळं, वजन वेगळं, बॉडीची जाडी वेगळी. एवढं सगळं बदललेलं असताना श्रेय फक्त सरसाला द्यायचं, हे मला कधी पटलं नाही.

मग जोडाचा परिणाम अजिबात नाही का? आहे, पण लोक सांगतात तसा नाही. तार छेडली की तिची ऊर्जा तीन वाटांनी जाते: हवेत, तारेतच, आणि दोन टोकांना जिथे ती टेकलेली आहे तिथून. ब्रिजकडचं टोक जड बॉडीवर आहे, तिथून फारसं काही जात नाही. नेकचं टोक मात्र लवचीक आहे. नेक स्वतः विशिष्ट कंपनांना हलतो, आणि तुम्ही दाबलेला सूर नेमका त्या कंपनाशी जुळला की नेक त्या सुराची ऊर्जा ओढून घेतो आणि सूर लवकर मरतो. याला डेड स्पॉट म्हणतात. जर्मनीत हेल्मुट फ्लाइशर आणि टिलमान त्स्विकर यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस याची पद्धतशीर मोजणी केली आहे. तुम्हाला घरी तपासायचं असेल तर प्रत्येक फ्रेटवर एकेक सूर तेवढ्याच जोराने छेडा आणि तो किती वेळ राहतो ते ऐका. एखाद्या ठिकाणी सूर शेजारच्यांपेक्षा निम्म्यात विझतो. तिथे हेडस्टॉकला एक छोटा क्लॅम्प लावा आणि पुन्हा छेडा. डेड स्पॉट एखाद-दुसरा फ्रेट सरकलेला दिसेल, कारण नेकच्या टोकाचं वजन बदललं. हे मी तिन्ही प्रकारच्या गिटारींवर गिऱ्हाइकांना करून दाखवतो, आणि डेड स्पॉट तिन्ही प्रकारांत सापडतात.

नुसत्या जोडाचा प्रश्न आर. एम. मोटोला या अमेरिकन कारागिराने नीट हाताळला. एकच वाद्य घेऊन त्याचा जोड बदलत बदलत सस्टेन मोजला आणि निष्कर्ष 2007 मध्ये ‘अमेरिकन ल्युथिअरी’ या गिटार कारागिरांच्या नियतकालिकात छापले. फरक निघाला तो थोडासा, आणि रूढ समजुतीच्या उलट, म्हणजे बोल्ट-ऑनच्या बाजूने. शिवाय ऐकणाऱ्यांना तो ओळखता आला नाही. एका वाद्यावरच्या प्रयोगावरून सगळ्या गिटारींचा कायदा ठरत नाही, हे मान्य. पण ‘नेक-थ्रूला सस्टेन जास्त’ हे वाक्य लोक ज्या खात्रीने बोलतात, त्या खात्रीला काही आधार नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

माझ्याकडे ‘सस्टेन नाही’ म्हणून जी गिटार येते, तिच्यात मी पहिल्यांदा जोड बघतच नाही. तारा किती जुन्या आहेत ते बघतो. मग नटच्या, म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा: खाच तारेपेक्षा रुंद किंवा उलट्या उताराची कापलेली असेल तर मोकळी तार भुणभुणते आणि सूर पडतो. मग एखादा फ्रेट उचललेला आहे का ते बघतो. मग पिकअपची उंची. स्ट्रॅट धाटणीच्या गिटारींत नेककडचा पिकअप तारांच्या फार जवळ आणून ठेवलेला असतो, त्याचं चुंबक जाड तारांना ओढतं, वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो आणि लवकर संपतो. पिकअप दोन-तीन मिलिमीटर खाली केला की माणूस चकित होतो. हे स्क्रूड्रायव्हरचं काम आहे, त्यासाठी वेगळ्या जोडाची गिटार घ्यायची गरज नाही.

आता ज्याच्यावर मला खरं बोलायचंय ते, म्हणजे नेकचा कोन.

साडेपंचवीस इंच स्केलच्या गिटारीला दहा नंबरचा (सर्वांत बारीक तार 0.010 इंचाची) सेट लावून नेहमीच्या सुरात मिळवलं, की सहा तारांचा एकूण ताण साधारण पंचेचाळीस किलो होतो. हा ताण दिवसरात्र नेकला पुढे ओढत असतो. नेकच्या मधल्या भागाचा बाक ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या धातूच्या कांबेने, सरळ करता येतो, पण ट्रस रॉड नेक बॉडीला ज्या कोनात भेटतो तो कोन बदलू शकत नाही. कोन चुकला, कारखान्यात असो वा वर्षांनंतर, की लक्षण एकच: तारा फ्रेटपासून उंच राहतात (या उंचीला अ‍ॅक्शन म्हणतात), तुम्ही ब्रिजचे सॅडल, म्हणजे तारा टेकतात ते छोटे तुकडे, खाली खाली करत जाता, शेवटी ते तळाला टेकतात आणि अ‍ॅक्शन अजूनही उंचच. तिथून पुढे ब्रिजकडे काही उपाय उरत नाही.

बोल्ट-ऑन असेल तर मी तारा सैल करतो, चार स्क्रू काढतो, आणि पॉकेटच्या तळाशी ब्रिजकडच्या बाजूला शिम, म्हणजे एक पातळ पट्टी, घालतो. गणित बघा. पॉकेट सुमारे सत्तर-पंचाहत्तर मिलिमीटर लांब. त्याच्या एका टोकाला अर्धा मिलिमीटर उचललं, तर फ्रेटबोर्डची रेषा ब्रिजपाशी पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास वर जाते. म्हणजे तळाला टेकलेल्या सॅडलना तेवढी जागा परत मिळते. काम तासाभराचं. फक्त एक सांगतो: बरेच जण कागदाची किंवा व्हिजिटिंग कार्डाची घडी घालून मोकळे होतात. ते तात्पुरतं चालतं, पण पट्टी एका टोकालाच असली की मधे पोकळी राहते आणि स्क्रूंच्या दाबाने वर्षानुवर्षांत नेकचं टोक वर उचलल्यासारखं होतं. मी लाकडाची, पॉकेटच्या पूर्ण लांबीची, एका बाजूला शून्यापर्यंत निमुळती होत जाणारी शिम करून घालतो. ती घालून घ्या, मागून घ्या, थोडे पैसे जास्त पडले तरी.

सेट नेकचा कोन बिघडला तर? फ्रेट काढा, जोडापर्यंत वाफ पोचवा, सरस मऊ करा, नेक बाहेर काढा, खाच आणि जीभ पुन्हा नव्या कोनाला घासा, चिकटवा, क्लॅम्प लावून ठेवा, आणि शेवटी जोडावरचं रंगकाम. जुन्या, महागाच्या वाद्यावर हे करण्यात अर्थ आहे. पन्नास हजारांच्या आतल्या गिटारीवर मजुरीच वाद्याच्या किमतीला भिडते. शिवाय या किमतीतल्या बऱ्याच गिटारींवर पॉलीचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या रोगणाचा, जाड थर असतो, तो जोडाच्या कडेला तडकला की नीट जुळत नाही. माझं मत स्पष्ट आहे: या किमतीतल्या सेट नेकचा कोन घेतानाच बरोबर असला पाहिजे. नसेल तर ती गिटार दुकानातच राहू द्या.

नेक-थ्रूत तर हा प्रश्नच मिटलेला असतो, चांगल्या अर्थानेही आणि वाईट अर्थानेही. कोन सरकायला जोड नाही, त्यामुळे तो सहसा सरकत नाही. नेक बहुतेक वेळा तीन किंवा पाच पट्ट्या उलटसुलट चिकटवून केलेला असतो, तो एकसंध लाकडापेक्षा कमी वळतो. पण वळलाच, पीळ पडलाच, किंवा ट्रस रॉड आतून तुटलाच, तर बदलायला वेगळा नेक नाही. फ्रेटबोर्ड घासून सरळ करता येतो तेवढा करायचा, फार झालं तर फ्रेटबोर्ड उचलून रॉड बदलायचा. त्याच्यापलीकडे उपाय नाही.

हेडस्टॉक तुटणं हेही इथेच सांगून टाकतो, कारण लग्नाच्या ऑर्केस्ट्रात स्टँडवरून गिटार पडणं ही रोजची गोष्ट आहे. लेस पॉल धाटणीत हेडस्टॉक मागे कललेला असतो, नटमागे ट्रस रॉडसाठी लाकूड पोखरलेलं असतं, आणि गिटार पाठीवर पडली की तडा नेमका तिथे जातो. हा दोष हेडस्टॉकच्या कोनाचा आहे, जोडाचा नाही. पण सेट नेकच्या गिटारींत असा हेडस्टॉक जास्त आढळतो, म्हणून लोक दोन्ही एकत्र करतात. तडा लांब आणि ताजा असेल तर चिकटवून उत्तम होतो, मी अशा गिटारी बिनधास्त परत देतो. तुकडे पडले असतील तर मात्र बोल्ट-ऑनवाला नवा नेक मागवतो आणि सुटतो.

आता ‘बोल्ट-ऑन म्हणजे स्वस्तातलं काम’ याबद्दल. जोड स्वस्त असतो तो त्यातल्या कामाने. फेंडरने 1971 पासून दहाएक वर्षं स्ट्रॅटला चारऐवजी तीन स्क्रू लावले, आणि कोन बदलायची सोय आतच दिली. कल्पना चांगली होती. पण त्या काळात पॉकेट ढिली कापली जायची, नेक बाजूला सरकायचे, आणि बदनाम झाले ते बिचारे तीन स्क्रू. पॉकेट घट्ट असलेल्या तीन स्क्रूंच्या गिटारी आजही छान चालतात.

स्वस्त बोल्ट-ऑनमध्ये मला सर्वांत जास्त सापडणारा दोष बाहेरून दिसत नाही. स्क्रूने बॉडीतून मोकळं जायचं असतं आणि पकड फक्त नेकच्या लाकडात घ्यायची असते, म्हणजे पिळताना नेक बॉडीकडे ओढला जातो. पुष्कळ गिटारींत बॉडीतली भोकं स्क्रूइतकीच पाडलेली असतात. मग स्क्रूचे आटे बॉडीतही पकडतात आणि नेकमध्येही, दोघांमधली फट आहे तशीच राहते, आणि तुम्ही कितीही पिळा, ती मिटत नाही. ओळखायचं कसं? नेक काढून स्क्रू नुसता बॉडीच्या भोकात घाला. तो बोटाने सरळ आरपार गेला पाहिजे. फिरवत न्यावा लागला तर भोक पाच मिलिमीटरच्या बिटने मोठं करायचं, नेकच्या भोकांना हात लावायचा नाही, स्क्रूच्या आट्यांना मेणबत्तीचं मेण लावायचं आणि हाताने पिळायचं. ड्रिल मशीनने पिळू नका, नेकमधले आटे क्षणात सुटतात. मग तारा सुरात आणून चारही स्क्रू जेमतेम पाव फेरा सैल करायचे. कधीकधी ‘टक्’ असा आवाज येतो, तारांच्या ताणाने नेक पॉकेटच्या भिंतीला जाऊन टेकतो, आणि पुन्हा स्क्रू आवळायचे. एवढ्याने स्वस्तातल्या गिटारीचा जोड महागाइतका घट्ट होतो. असं होताना पाहिलं की मला दर वेळी आनंद होतो.

हाताबद्दल. अकूस्टिकवर तुम्ही बाराव्या-चौदाव्या फ्रेटपुढे फारसे जात नसाल. इलेक्ट्रिकवर जाल, कारण जुन्या हिंदी गाण्यांचे गिटारचे तुकडे आणि सोलो सतराव्या-अठराव्या फ्रेटवर जाऊन बसतात. तिथे नेकच्या मागे अंगठ्याला काय लागतं ते महत्त्वाचं. पारंपरिक स्ट्रॅटमध्ये चौकोनी ठोकळा आणि धातूची पट्टी लागते, पण दोन्ही बाजूंनी कापलेली बॉडी त्याची भरपाई करते. लेस पॉलमध्ये जाड टाच, म्हणजे नेक बॉडीला मिळतो तिथला फुगवटा, आणि एकाच बाजूची कपार, तिथे माझ्या पाहण्यात लहान हाताच्या लोकांना खरोखर त्रास होतो. नेक-थ्रूत टाच जवळजवळ नसतेच, आणि त्या गिटारीचा खरा, निर्विवाद फायदा कोणता तर हा. मात्र आजकाल बऱ्याच बोल्ट-ऑन गिटारींत टाच तासून गोल केलेली असते, आयबानेझच्या आरजीसारख्या गिटारींत तर ठोकळा आणि पट्टी दोन्ही काढून टाकलेले असतात. म्हणून प्रकारावर जाऊ नका, उभे राहा, पट्टा लावा, तुम्ही वाजवता त्या उंचीवर गिटार घ्या, आणि अठराव्या फ्रेटवर बारीक तार एक पूर्ण सूर बेंड करून बघा. बसून बघू नका, बसल्यावर सगळ्याच गिटारी सोप्या वाटतात. उभे असताना नेकवरचा हात काढल्यावर हेडस्टॉक खाली झुकतो का, हेही बघा. नेक-थ्रूत आणि पातळ बॉडीच्या गिटारींत असं होतं, आणि तीन तासांच्या कार्यक्रमात डावा हात नेक धरून ठेवण्यातच दमतो.

हवामान. पावसाळ्यात कोकणात लाकूड ओलावा ओढतं, फ्रेटबोर्ड फुगतो, नेक मागे जातो आणि तारा पहिल्या फ्रेटांवर खरखरू लागतात. हे तिन्ही प्रकारांत होतं आणि तिन्हींत ट्रस रॉडनेच सुधारतं. वर्षात दोनदा, मृगाआधी आणि दिवाळीनंतर, ट्रस रॉड तपासून घेतला की पुरे. सरसाच्या जोडाला ओलाव्यापेक्षा उष्णतेची भीती जास्त: मे महिन्यात बंद गाडीत गिटार ठेवली तर सरस नरम पडू शकतो. बोल्ट-ऑनला तुमच्याकडे एक वेगळीच काळजी लागते. खाऱ्या हवेने नेकचे स्क्रू गंजतात, आणि गंजून लाकडात रुतलेला स्क्रू काढताना डोकं तुटतं. वर्षातून एकदा एकेक स्क्रू काढायचा, पुसायचा, मेण लावून परत बसवायचा. चारही एकदम काढायची गरज नाही.

दुकानात काय बघायचं ते आता सोपं होईल. बोल्ट-ऑनमध्ये बॉडी मांडीवर धरून हेडस्टॉक हलकेच आडवा ढकला. करकर आवाज आला किंवा नेक सरकला तर स्क्रू आवळून पुन्हा बघायला सांगा. तरीही सरकला तर पॉकेट ढिलं आहे. शेवटच्या फ्रेटपाशी सहाव्या आणि पहिल्या तारेचं कडेपासूनचं अंतर सारखं हवं. पॉकेटच्या कोपऱ्यात रंगाला बारीक रेघा दिसल्या तर घाबरू नका, त्या बहुधा रंगातच असतात. सेट नेकमध्ये नेक आणि बॉडी जिथे भेटतात तिथे रंगावर रेघ आहे का ते प्रकाशात तिरकं धरून बघा, आणि नेक हलका दाबल्यावर ती रेघ उघडते का ते बघा. उघडली तर नको. आणि ब्रिज: अ‍ॅक्शन बरोबर असताना ब्रिजखाली अजून खाली जायला जागा उरलेली हवी. ही एक तपासणी सेट नेकसाठी मी सगळ्यांत वर ठेवेन. नेक-थ्रूमध्ये बॉडीकडून एक डोळा मिटून फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडा बघा, त्या समांतर दिसल्या पाहिजेत. आणि ट्रस रॉडचा नट दोन्ही दिशांना थोडा फिरतो का, ते विकणाऱ्यासमोरच बघा.

तुमच्यासाठी माझं मत असं. नवी बोल्ट-ऑन घ्या. कारण तुम्ही समुद्रकाठी राहता, गिटार कार्यक्रमांना फिरणार, जवळ सेट नेक काढून बसवणारा कारागीर मिळणं अवघड, आणि या किमतीत चुकलेलं काम दुरुस्त करता येईल असा जोड हाच आहे. बजेटमधले तीन-चार हजार सेटअपसाठी बाजूला ठेवा, त्याने गिटारीत जितका फरक पडेल तितका जोडाने पडणार नाही. लेस पॉल धाटणी तुम्हाला हंबकरच्या जाड आवाजासाठी किंवा थोड्या छोट्या स्केलसाठी मनापासून आवडली असेल आणि वरची ब्रिजची परीक्षा ती पास झाली, तर जरूर घ्या, त्यात काही वाईट नाही. फक्त हार्ड केससह घ्या.

त्या जुन्या नेक-थ्रूबद्दल लगेच नाही म्हणत नाही. चांगल्या कारखान्याची, सरळ राहिलेली नेक-थ्रू जुन्यात स्वस्त मिळते, आणि इतकी वर्षं जी वळली नाही ती पुढेही सहसा वळत नाही. विकणाऱ्याकडून तीन गोष्टी मागवा: बॉडीकडून नेकच्या रेषेत काढलेला फोटो, बाराव्या फ्रेटवर तारांखाली मिलिमीटरची पट्टी धरून काढलेला फोटो, आणि ट्रस रॉडचा नट फिरवतानाचा छोटा व्हिडिओ. तिसऱ्याला तो टाळाटाळ करू लागला तर मुंबईचं तिकीट काढू नका. तिन्ही आले तर मला दाखवा, बघून सांगतो.